पुरानंतर उसात सापडलेला जखमी मासा घरी आणलाय, जगवायचा कसा?

मळीवरचा (कसबे डिग्रज)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमचं रान कृष्णेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत आहे. परवा पाणी उतरल्यावर मोटर बघायला गेलो, संगं धाकटी पोरगी होती, तिसरीला आहे. तर ओढ्याच्या तोंडाला कुणीतरी बांधलेलं नायलॉनचं जाळं पुरात सुटून आमच्या उसाच्या कडेला येऊन गुंतलं होतं, त्यात सात-आठ मासे मरून पडलेले आणि एक अजून तोंड हलवत होता. पोरीनं रडून गोंधळ घातला म्हणून कोयत्यानं जाळं कापून त्याला काढला आणि बादलीत घालून घरी आणला. वीतभर लांब असेल, अंगानं गोल, डोकं सापासारखं चपटं.

जखम अशी आहे की डोक्याच्या मागं गोल वळ उठलाय, दोरा रुतून खाच पडल्यासारखी, आणि डाव्या बाजूला चार बोटं जागेवरची खवलं निघून मांस लाल दिसतंय, एक पर फाटलाय. घरात शोभेच्या माशांचा दोन फुटी टँक आहे, गप्पी, मोली आणि एक एंजल, चार वर्षं झाली चांगला चाललाय. पण ह्याला सध्या धुण्याच्या मोठ्या टबात ठेवलाय, काठोकाठ पाणी भरून आणि एअर पंप लावून.

आता अडचण अशी की तो दर थोड्या वेळानं वर येऊन तोंड बाहेर काढतोय, पंप चालू असून बी, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय का? दुसरं, टँकमधलं खाणं टाकलं तर बघत बी न्हाई. तिसरं, आज जखमेवर पांढरट काहीतरी दिसतंय. घरचे म्हणतात हळद लावा, मित्र म्हणतो निळं औषध टाक, आणि मला वाटतंय टँकमध्येच सोडावा कारण तिथं फिल्टर आहे पाणी मुरलेलं आहे. आम्ही मासे खाणारी माणसं आहोत, त्यात लपवण्यासारखं काय न्हाई, पण हा जिता हातात आलाय आणि पोरगी शाळेला जाताना पहिल्यांदा टबात वाकून बघती. काय करू सांगा.

टँकवाला_मिरज

दादा पहिली गोष्ट, टँकमध्ये अजिबात सोडू नका. आत्ता नको आणि नंतर पण नको. बाकी सगळं लिहितो पण आधी एवढं सांगा, शेपटीच्या बुडाशी काळा गोल ठिपका आहे का, आणि त्याच्याभोवती नारिंगी कडा आहे का?

मळीवरचा (कसबे डिग्रज)

व्हय आहे की! डोळ्यासारखा ठिपका आहे शेपटीजवळ, कडा नारिंगीच म्हणायची. अंगावर काळपट डाग पण आहेत.

टँकवाला_मिरज

मग ती मरळ आहे, मोठी होणारी जात, शास्त्रीय नाव चन्ना मारुलियस. वीतभर म्हणजे अजून पिल्लूच धरा, पूर्ण वाढली तर मीटरपेक्षा मोठी होते. तुमच्या गप्पी मोली तिच्यासाठी जेवण आहेत, जखमी असली तरी दोन दिवसांत टँक रिकामा करेल. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. नदीच्या माशाच्या अंगावर परजीवी असतात, मासउवा, खवलात रुतून बसणारे सुईसारखे किडे, ते तुमच्या टँकमध्ये शिरले की काढता काढता नाकीनऊ येतात. आणि उलटं पण तेवढंच खरं, दुकानातल्या माशांचे रोग हिला लागले आणि तुम्ही हिला परत नदीत सोडली तर ते रोग नदीत गेले. त्यामुळं जाळी, पाइप, मग, बादली सगळं हिचं वेगळं ठेवा.

आता श्वासाचं. घाबरू नका, मरळीचं ते असंच असतं. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी जागा असते, ती वर येऊन तोंडानं हवा घेते, पाण्यात कितीही ऑक्सिजन असला तरी तिला वरची हवा लागतेच. तुमच्या जाळ्यातले बाकीचे मासे मेले त्यात मरळी असतील तर त्या बहुतेक बुडूनच मेल्या असणार, कारण जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिली की तिला वर येता येत नाही. म्हणजे मासा पाण्यात बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं पण मरळीच्या बाबतीत खरं आहे.

म्हणून आजच्या आज टबातलं पाणी कमी करा. काठोकाठ भरलंय म्हणता, तर जखमी मासळीला प्रत्येक श्वासाला एवढं वर चढून यावं लागतं, ताकद त्यातच जाते. आठ-नऊ इंच पाणी पुष्कळ झालं. आणि वर झाकण पाहिजे, जाळीचं किंवा भोकं पाडलेल्या फळीचं, त्यावर वीट ठेवा. पाणी आणि झाकण यात चार-पाच बोटं हवा राहू द्या. मरळ उडी मारते, आणि अशी मारते की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. टबाच्या अर्ध्या भागावर गोणपाट टाकून अंधार करा, आत एखादं कौल किंवा पाइपचा तुकडा टाका लपायला. पंपाचा बुडबुडा एकदम बारीक ठेवा, जोराच्या पाण्यात तिला स्वस्थ राहता येत नाही.

पाणी कुठलं भरलंय, नळाचं का बोअरचं?

मळीवरचा (कसबे डिग्रज)

नळाचं. पाणी कमी केलं आत्ताच, साधारण तीस लिटर राहिलंय. फळी ठेवली. खरंच कौलाखाली जाऊन बसली, आधी नुसती गोल गोल फिरत होती.

टँकवाला_मिरज

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या कल्ल्यांना आणि उघड्या मांसाला भाजतं. बादली भरून उघड्यावर एक दिवस ठेवा मग वापरा, किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन घाला, बाटलीवर लिहिलेल्या मापानं.

आता मीठ. हे सगळ्यात महत्त्वाचं औषध आहे आणि तुमच्या घरात आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळं पाणी सारखं त्याच्या अंगात शिरायला बघतं. कातडी, खवलं आणि वरचा बुळबुळीत थर हे सगळं मिळून ते अडवतात. तुमच्या मरळीची चार बोटं जागा उघडी पडलीय म्हणजे तिथून पाणी आत येतंय आणि क्षार बाहेर चाललेत, मूत्रपिंड ते पाणी बाहेर टाकून टाकून थकतं. टबात थोडं मीठ असलं की हा फरक कमी होतो आणि तिची ताकद जखम भरण्याकडं वळते. पुष्कळ जण समजतात मीठ जंतू मारायला टाकायचं, थोडंफार ते होतं, पण खरं काम हे आहे.

लिटरला २ ग्रॅम धरा. तीस लिटरला ६० ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, चमच्यानं अंदाज चुकतो. आज ३० ग्रॅम वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओता, उरलेलं उद्या. खडेमीठ असो नाहीतर आयोडीनचं, चालतं, आयोडीन एवढं थोडं असतं की त्यानं माशाला काही होत नाही. रोज दहा लिटर पाणी काढून दहा लिटर मुरवलेलं घाला आणि त्या दहा लिटरला २० ग्रॅम मीठ. पण उन्हानं पाणी आटलं म्हणून वरून नुसतं पाणी घालत असाल तर त्यात मीठ नाही घालायचं, कारण मीठ आटत नाही, ते तिथंच असतं. इथं माणसं चुकतात आणि चार दिवसांत पाणी खारट करून ठेवतात.

खायला तीन दिवस काहीच नको. खाल्लं नाही की पाणी घाण होत नाही.

रंगीत_मासे_विश्रामबाग

मी निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू वापरतो नेहमी आणि रिझल्ट चांगला आहे, पांढरं दिसतंय म्हणजे फंगस आहे लगेच टाका वाट बघू नका. नाहीतर लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, दोन-चार दाणे टाकून गुलाबी पाणी करायचं दहा मिनिटं त्यात ठेवायचं, माझ्या गोल्डफिशला यानं फरक पडलेला.

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

मी पशुवैद्य आहे, रोजचं काम गाईम्हशींचं, पण घरात बारा वर्षं टँक आहे आणि माशांवर जमेल तेवढं वाचत असतो. विश्रामबागवाल्या मित्राचा हेतू चांगला आहे, तरी दोन्ही गोष्टींना मी आत्ता नको म्हणेन.

परमँगनेट दाण्यांच्या हिशोबानं टाकायची वस्तू नाही. जंतू आणि मांस यातला फरक त्याला कळत नाही, जे सापडेल ते जाळतं, आणि दाणा लहान का मोठा यावर डोस दुप्पट होतो. पाण्याचा पीएच वर असेल, म्हणजे पाणी अल्कधर्मी असेल तर कल्ल्यांवर त्याचा थर बसून अजून त्रास होतो, आणि आपल्याकडचं पाणी बहुतेक ठिकाणी तसंच आहे. धडधाकट गोल्डफिश निभावून नेतो, जाळ्यातून अर्धमेली निघालेली मरळ नेईलच असं नाही.

पांढरं दिसतंय म्हणजे फंगसच असं नाही. नीट बघा. जखमेला चिकटून पातळ, सपाट, करडा-पांढरा पडदा असेल तर ती नवीन कातडी आणि श्लेष्मा (बुळबुळीत थर) आहे, म्हणजे जखम भरायला लागलीय. कापसाच्या पिंजासारखे तंतू बाहेर उभे असतील, पाण्यात हलत असतील तर ती बुरशी. टॉर्च बाजूनं मारून बघितलं की लगेच कळतं. पडदा असेल तर हात लावू नका, पुसू तर मुळीच नका.

मिथिलीन ब्लू बुरशी दिसली तर वापरता येतं, टबात वेगळ्यानं. टँकमध्ये टाकाल तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि काचेचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. पण दुकानात "फंगस क्युअर" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन असतं, बाटली उलटी करून वाचा. ते माशाच्या मांसात दीर्घकाळ राहतं आणि खाण्याच्या माशांत त्याला बंदी आहे. तुमची मरळ बरी होऊन नदीत जाणार, उद्या कुणाच्या गळाला लागणार, कुणाच्या तरी ताटात जाणार. म्हणून जी नदीत परत जायचीय तिला हे नको, आणि मनानं अँटिबायोटिक तर नकोच नको. कोंबड्यांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणारी माणसं बघितलीत म्हणून हे स्पष्ट लिहितोय.

वाईट लक्षणं कुठली तेही सांगतो: लाली जखमेच्या बाहेर पसरायला लागली, खोल खड्डा पडला, पोट फुगून खवलं उभी राहिली, डोळे बाहेर आले, किंवा एका अंगावर पडून राहिली. यातलं काही दिसलं तर फोटो टाका आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात पण विचारा. मरळीला लाल व्रणांचा एक रोग असतो, ई.यू.एस. म्हणतात, एका बुरशीसारख्या जिवामुळं होतो, भारतात १९८८ पासून आहे आणि थंडीत जास्त उठतो. तुमची जखम जाळ्याची आहे हे माहीत आहे म्हणून मला त्याची शंका कमी वाटते, पण ज्या जागा जाळ्याला लागल्याच नाहीत तिथं नवे लाल डाग उठले तर गाठीशी असू द्या.

आणि दादा, हाताला कापलेलं खरचटलेलं असेल तर टबात हात घालू नका, हातमोजे घाला. पोरीलाही सांगा. माशांकडून माणसाच्या कातडीत शिरणारे जंतू असतात, बोटावर गाठ उठते आणि महिनोन्महिने जात नाही.

हरिपूरची_ताई

हळदीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमचा हळदीचाच व्यापार आहे, लहानपणापासून अंगाला हळद लागलेली, गुडघा फुटला तरी हळद आणि पाय मुरगळला तरी हळद. मीही एकदा असाच प्रयत्न केला होता, संगमावर एकानं गळाला लागलेलं शेंगटीचं पिल्लू टाकून दिलं होतं ते उचलून आणलं आणि तोंडाच्या जखमेवर हळदीचा लेप लावला. दोन मिनिटांत सगळी हळद पाण्यात. पाणी पिवळं गढूळ, खाली गाळ बसला, दुसऱ्या दिवशी वास यायला लागला आणि पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. हळदीनं गेलं का जखमेनं ते मी नाही सांगू शकत, पण कल्ल्यात ती बारीक पूड बसलेली मी डोळ्यांनी बघितली. माणसाच्या कोरड्या जखमेवर हळद राहते, माशाच्या नाही राहत. वहिनींना सांगा की हळद आमच्या गावची आहे, मला तिचा अभिमान आहे, तरी पण माशाला नको.

त्या वेळी मला एवढंच कुणी सांगितलं असतं की पाणी स्वच्छ ठेव आणि हात लावू नकोस, तर बरं झालं असतं.

नदीकाठी_जाळंवाला

राम राम. आमी भोई, चार पिढ्या नदीवर हाय. वर शिकल्याली माणसं बोलल्याती त्ये बरोबरच हाय, मी फकस्त जाळ्याचं सांगतो. मासळी जाळ्यात गुतली की लोकं शेपटीकडनं मागं वढत्यात, तितंच घात हुतो. मासळीची खवलं मागच्या बाजूला पडल्याली असत्यात, मागं वढलं की दोरा खवलाच्या खाली शिरतो आन सगळी साल निघती, वरनं कल्ल्याचं झाकाण बी फाटतं. पुढनं काढायची, डोस्क्याच्या दिशेनं, आन न्हाई निघाली तर दोरा कापायचा. जाळं काय परत इणता येतंय. हात आदी पाण्यात भिजवायचा, कोरड्या हातानं धरली की अंगावरचा बुळबुळीतपणा हाताला चिकटून येतो, तितं मग पांढरं धरतं. वलं फडकं डोळ्यावर टाकलं की गप ऱ्हाती.

पुरात वाहून गेल्यालं जाळं लई वाईट. मालकाच्या हातात ऱ्हात न्हाई आन मासळी मरतच ऱ्हाती त्यात, कोण काढणारं नसतं. आमी पाणी वाडायच्या आदी जाळी काढून घ्येतो. दादा तुमी त्ये जाळं तितंच टाकून आला असला तर जावा आन गोळा करा, ढोरांच्या पायात बी गुततं.

मरळ लई चिवट. भिजल्याल्या गोणपाटात गुंडाळून आज्जा माजा बाजारला जिती न्यायचा. अंग वलं ऱ्हायलं तर पाण्याभायेर बी बराच येळ काढती. जखम भरंल, धीर धरा.

मळीवरचा (कसबे डिग्रज)

सगळ्यांचे आभार, जाळंवाल्या मामांचे विशेष. तुमचं वाचून काल सकाळी परत रानात गेलो आणि जाळं गोळा करून आणलं, दोन पाटी भरलं, त्यात अजून एक पाणसाप मेलेला निघाला.

टॉर्च बाजूनं मारून बघितलं, डॉक्टरसाहेब तुम्ही म्हणता तसा सपाट पडदाच आहे, तंतू न्हाईत. फक्त फाटलेल्या पराच्या टोकाला थोडं पिंजल्यासारखं वाटतंय, नखाएवढं बी न्हाई.

आता घात कसा होता होता राहिला ते सांगतो. काल रात्री पाणी बदलताना फळी बाजूला ठेवली आणि फोन आला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेलो. परत आलो तर टब मोकळा. जीव गोळा झाला. मोरीत बघितलं न्हाई, पायरीखाली बघितलं न्हाई, शेवटी पोरगीच म्हणली पप्पा बॅटरी मारा, तर वॉशिंग मशीनच्या मागं पाइपजवळच्या ओलीत पडलेली. हात भिजवून उचलली आणि टबात सोडली, थोडा वेळ तिरकी होती मग कौलाखाली गेली. अंगाला धूळ आणि केस चिकटले होते, त्यातले पाण्यात निघाले, काही अजून जखमेला आहेत. काढू का?

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

काढू नका. सुटे होतील ते पाणी बदलताना निघतील. परत पकडून उचलली तर भरलेलं तेवढं उकलेल. पराच्या टोकाचं पिंजल्यासारखं वाढतंय का एवढं दोन दिवस बघा, मीठ लिटरला ३ ग्रॅमपर्यंत हळूहळू न्या, आणि पाणी रोज दहाऐवजी पंधरा लिटर बदला. बहुतेक तेवढ्यानं थांबेल.

टँकवाला_मिरज

आणि टेस्ट किट असेल तर अमोनिया बघत चला. टबाला मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू धरलेला फिल्टर नाही, त्यामुळं तिच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया तिथंच साठतो. पीएच वर असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मरळ हवेतला श्वास घेत असल्यामुळं घाण पाण्यात पण जगलेली दिसते, म्हणून माणूस फसतो, जगतेय म्हणजे बरंय असं वाटतं, आणि इकडं जखम काही भरत नाही. किट नसेल तर पाणी बदलण्यात एक दिवस पण खाडा करू नका. टँकमधला एखादा स्पंज काढून टबात टाकू का असं तुमच्या मनात आलं असेल तर तेही नको, त्या स्पंजाबरोबर तुमच्या टँकमधलं सगळं येतं.

मळीवरचा (कसबे डिग्रज)

स्पंजाचं खरंच मनात आलं होतं. बरं झालं लिहिलंत.

कृष्णाकाठ_८५

मी सगळं वाचतोय, फार चांगली चर्चा चालू आहे. सोडण्याबद्दल थोडं मनातलं लिहितो.

२०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पहिल्या मजल्याला पाणी लागलं होतं. आम्ही आईबाबांना घेऊन बाहेर पडलो, टँक तळमजल्यावर तसाच राहिला. त्यात एक सकर (काचेवरचं शेवाळ खाणारा शोभेचा मासा) होता आणि काही टेट्रा. परत आलो तेव्हा चिखल आणि फुटलेल्या काचा होत्या, मासे कुठं गेले ते सांगायला नकोच. माझ्यासारखे किती टँक त्या आठवड्यात नदीत गेले असतील. आधी मला वाटलं होतं बिचारे सुटले तरी. नंतर उजनीच्या धरणात सकर मासे कोळ्यांच्या जाळ्यात भरभरून येतात, खायला चालत नाहीत, विकायला चालत नाहीत आणि खरखरीत अंगानं जाळी फाडतात हे वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा सगळ्यात आधी उरलेले मासे बादलीत घालून वरच्या मजल्यावर नेले.

तर दादा, मरळ नदीत सोडा, ती तिथलीच आहे. पण जिथनं काढली त्याच ओढ्याला, त्याच नदीला. दुसऱ्या तलावात, कुणाच्या शेततळ्यात नको. शेततळ्यात तर तिथली बोटुकली सगळी संपवेल. आणि तुमच्या टँकमधला एक थेंबसुद्धा तिच्याबरोबर जाऊ देऊ नका.

रंगीत_मासे_विश्रामबाग

डॉक्टरांचं पटलं. मी आजपर्यंत औषध टाकून मासा बरा झाला की औषधानं झाला असंच धरत होतो, पाणी पण त्याच वेळी बदलत होतो हे लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडच्या बाटलीवर वाचलं, मॅलाकाइट ग्रीन लिहिलंय.

दादा खायला गांडूळ देऊन बघा, आमच्याकडं मरळ नाही पण ऑस्कर आजारी असला की गांडूळच पहिलं खातो.

नदीकाठी_जाळंवाला

गांडूळ बेस. पण रानात खत-औषिद मारल्याल्या जागंचं नको, शेणखताच्या उकिरड्यातलं घ्या, धुवून. बारीक झिंगा बी खाती. कोंबडीचं आतडं-बितडं घालू नगा, पाणी कुसतंय.

मळीवरचा (कसबे डिग्रज)

आज नववा दिवस. काल संध्याकाळी पहिल्यांदा खाल्लं!! आधी चार दिवस गांडूळ टाकला की तसाच पडायचा, तासाभरानं काढून टाकत होतो. काल पोरीनं दोऱ्यासारखा लोंबता धरला (हातमोजा घालून), तर कौलाखालनं नुसतं तोंड आलं, थोडं थांबली आणि एकदम ओढलाच. पोरगी किंचाळली आनंदानं. आज दोन खाल्ले.

पराच्या टोकाचं पांढरं वाढलं न्हाई, मीठ ३ ग्रॅमला नेल्यावर दोन-तीन दिवसांत गेलं. डाव्या बाजूची लाली फिकी झालीय आणि वरनं काळपट कातडी धरलीय. खवलं मात्र आलेली न्हाईत. डोक्यामागची खाच भरत आलीय पण वळ दिसतोय. खवलं यायची वाट बघायची का सोडायचं?

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

खवलं परत येतात पण आठवडे लागतात, आणि त्या जागेचा रंग बहुधा वेगळाच राहतो. तेवढं थांबायची गरज नाही. उघडं मांस कुठं दिसत नसेल, सरळ पोहत असेल आणि स्वतःहून झडप घालून खात असेल तर अजून चार-पाच दिवस देऊन सोडा. उलट जास्त दिवस ठेवलीत तर टबाच्या कडेला तोंड घासून घासून नवीन जखम करून घेईल. रानातली मासळी आहे, तिला भिंत कळत नाही.

टँकवाला_मिरज

सोडायच्या आधी मीठ उतरवत न्या, म्हणजे पाणी बदलताना नुसतं मुरवलेलं पाणी घालत जा, चार दिवसांत आपोआप कमी होईल. सोडायच्या दिवशी सकाळपासून खायला नको. झाकणाच्या बादलीत न्या, ओढ्यावर पोचल्यावर त्या बादलीत थोडं थोडं ओढ्याचं पाणी घालत अर्धा तास काढा, एकदम टाकू नका. बादलीतलं पाणी ओढ्यात न ओतता लांब रानात ओता. पुलावरून वगैरे फेकायची नाही हे सांगायला नको.

नदीकाठी_जाळंवाला

सांच्याला सोडा, दिवस मावळायच्या टायमाला, बगळा-पाणकावळा उडून गेल्यावर. धारंत नको, कडंला जितं गवात-पानकणीस हाय, पाणी थांबल्यालं हाय, तितं. मरळीची ती जागा. आन त्या वड्याला कुणी जाळं लावलंय का ते आदी बगून या.

मळीवरचा (कसबे डिग्रज)

सोळाव्या दिवशी सोडली, काल संध्याकाळी. आधी दुपारी जाऊन ओढा बघून आलो, खालच्या अंगाला एक जाळं होतं, ते ज्याचं होतं त्या पोराला भेटून सांगितलं की आजची रात्र काढून घे बाबा, त्यानं काढलं, कशाला म्हणून विचारलं आणि मग तो पण आमच्याबरोबर आला बघायला. पोरगी, तिची आई, तो आणि मी. बादली आडवी करून पाणकणसाच्या बुडाशी धरली तर बराच वेळ बाहेरच येईना. अर्धं अंग बादलीत आणि अर्धं पाण्यात, अशी थांबून राहिली. डाव्या अंगाचा काळा पट्टा दिसत होता. मग कधी गेली ते कळलंच न्हाई, पाणी पण हललं न्हाई. थोड्या वेळानं हातभर पलीकडं पाण्याच्या वर येऊन एकदा हवा घेतली, पोरीनं ती बघितली, मला दिसली न्हाई.

एक शेवटचं विचारायचं राहिलं, टब आता धुण्याला परत वापरायचाय आणि कौल अंगणात. कशानं धुऊ?

टँकवाला_मिरज

साबण नको, त्याचा अंश राहतो, परत कधी गरज पडली तर तोच टब लागेल. भरपूर पाण्यानं घासून काढा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तासभर ठेवून परत धुवा आणि तीन-चार दिवस कडक उन्हात पालथा घाला, पूर्ण वाळू द्या. जाळी, मग, कौल सगळं तसंच. ते सगळं वाळेपर्यंत टँकमध्ये हात घालताना पण आधी धुऊन घ्या.

मळीवरचा (कसबे डिग्रज)

टब गच्चीवर पालथा घातलाय. पोरीनं कौल मात्र धुऊन वेगळं ठेवलंय, पुढच्या पुराला लागेल म्हणती.